पोराच्या पाठीवर गाव बसवू नका

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागातल्या गावोगावच्या कुस्ती मैदान कमिट्या, तालमींचे वस्ताद आणि पोरांना मैदानात उतरवणारे आईबाप यांस,

सप्रेम नमस्कार.

सुगी आटोपत आली. मळण्या झाल्या की वेशीवर मैदानाचे फलक लागतील. पहिल्या क्रमांकाची कुस्ती कोण विरुद्ध कोण, इनाम किती, पाहुणे कोण, सगळं ठळक. फलकाच्या अगदी तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते, 'याशिवाय पन्नास लहान-मोठ्या कुस्त्या होतील.' माझं हे पत्र त्या तळाच्या ओळीबद्दल आहे. त्या पन्नास कुस्त्यांत बारा ते सोळा वर्षांची पोरं असतात. फलकावर त्यांचं नाव नसतं. हरल्यावर मात्र ते सगळ्या गावाला पाठ होतं.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातला, निवृत्त क्रीडाशिक्षक. पैलवान म्हणून फार काही नाव केलं नाही. आनंदवाडीच्या आखाड्यात दोनदा उतरलो. एकदा कुस्ती बरोबरीत सुटली, एकदा अस्मान बघितलं. शिक्षक म्हणून मात्र पोरं पुष्कळ घडवली, आणि एक बिघडवलं. त्याचंच आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं उपदेश म्हणून वाचलं जाणार नाही.

वीसेक वर्षांमागची गोष्ट. नववीतला पोरगा होता. अंगानं काटक. एकेरी पट असा काढायचा की समोरच्याला पाय गेल्याचं पडल्यावर कळायचं. तालमीत त्याच्या वयाचा कोणी त्याच्यासमोर टिकत नव्हता. गावच्या यात्रेत त्याची जोड कोल्हापूर भागातून आलेल्या एका पोराशी लागली. मैदान गच्च भरलेलं, हलगी कडाडत होती. निवेदकानं माईकवरून सांगितलं, "गावाची अब्रू आता या वाघाच्या हातात!" कुणीतरी उभं राहून इनाम पाचशेवरून अकराशे केलं. आणि मी, त्याचा सर, आखाड्याच्या कडेला त्याच्या कानाशी लागून म्हणालो, "बापानं म्हैस विकून खुराक घातलाय तुला. आज पडलास तर मला तोंड दाखवू नकोस."

मला वाटलं होतं, पोरगं पेटेल.

चाळीस सेकंदांत चीत झाला. हरला त्याचं काही नाही, कुस्तीत एक जण हरतोच. खरं तो कसा हरला ते मी अजून विसरलो नाही. त्यानं पटाला हात घातला तो तालमीत पहिल्या दिवशी आलेलं पोर घालतं तसा. आधी समोरच्याच्या पायाकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं, मग वाकला. जी एकच हालचाल होती तिचे तीन तुकडे झाले होते. तेवढ्यात समोरच्यानं मान दाबून खाली ओढलं, पाठीवर स्वार झाला आणि पालथ्याचा उताणा केला. बाप आखाड्यात शिरला आणि सगळ्यांदेखत थोबाडीत दिली. पोरगा त्यानंतर दोन आठवडे तालमीत दिसला, मग यायचा बंद झाला. दहावी झाली न झाली, मामाच्या ओळखीनं गोव्याला कामाला गेला.

पुढं कितीतरी वर्षांनी बेळगावच्या बसस्टँडवर भेटला. पाया पडला. चहा घेताना मीच विषय काढला. तो म्हणाला, "सर, त्या दिवशी मला माझे हातच दिसालते की. नुसते हात. हलगी वाजालती म्हणत्यात, मला ऐकूच आली नाही."

त्या 'नुसत्या हातां'नी मला वाचायला लावलं. निवृत्तीनंतर वेळ होता, मुलीनं इंटरनेट शिकवलं, आणि जे वाचत गेलो ते तालमीतल्या अनुभवाशी इतकं जुळत गेलं की स्वतःचीच लाज वाटली.

लहानपणी मी एकदा आईला विचारलं होतं, भाकरी थापताना तू आधी कुठलं बोट दाबतेस? तिनं हाताकडं बघितलं, आणि आयुष्यात हजारो भाकरी केलेल्या बाईची ती भाकरी परातीतच फाटली. "असलं विचारू नगंस बाबा," म्हणाली. अमेरिकेतल्या सायन बायलॉक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी गोल्फ खेळणाऱ्यांवर हेच तपासलं. मुरलेल्या खेळाडूंना चेंडू मारताना स्वतःच्या हाताच्या हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितलं, तर त्यांचा नेम बिघडला. नवशिक्यांना तेच सांगितलं, तर सुधारला. म्हणजे जे काम अंगात मुरलंय त्यात डोक्यानं हात घातला की काम फाटतं.

माझ्या पोराचं तेच झालं. सहा वर्षं घोटलेला पट त्याच्या अंगात होता. अब्रू, म्हैस, अकराशे, तोंड, एवढं सगळं कानावर पडल्यावर त्याला वाटलं की आज चूक होता कामा नये. मग त्यानं अंगाचं काम डोक्याकडं दिलं. आणि पट काढायला डोकं फार हळू असतं हो. समोरचा पैलवान तेवढा वेळ थांबत नाही.

म्हणून वस्ताद, तुम्हाला हात जोडून सांगतो. तालमीत हवं तेवढं ओरडा. "कंबर खाली, उजवा हात, पाय मागं", शंभर वेळा सांगा, तिथं ते लागतं. मैदानात पोरगा उतरल्यावर तेच ओरडलात तर तुम्ही त्याला पुन्हा पहिल्या दिवसावर नेऊन ठेवता. कडेला चार जण चार डाव सांगत असतात, एक म्हणतो ढाक, दुसरा म्हणतो घिस्सा, तिसरा नुसताच "मार, मार!" त्या पोराच्या कानात काय शिजत असेल याचा विचार करा.

आता हसू नका, झुरळांचं सांगतो. 1969 साली रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं आपल्या सहकाऱ्यांबरोबर झुरळांना शर्यतीत पळवलं. झुरळ उजेडापासून दूर पळतं, त्यामुळे एका टोकाला दिवा लावायचा आणि ते अंधाऱ्या टोकाला किती वेळात पोचतं ते मोजायचं. रस्त्याच्या कडेला पारदर्शक खोक्यांत दुसरी झुरळं, प्रेक्षक म्हणून. रस्ता सरळ होता तेव्हा प्रेक्षकांसमोर झुरळ जास्त वेगानं पळालं. रस्त्यात वळण घेऊन वाट शोधायची होती तेव्हा प्रेक्षकांसमोर ते जास्त रेंगाळलं. झुरळाला ना अब्रू ना म्हैस, तरी ही गत. सोपं आणि सवयीचं काम गर्दीसमोर खुलतं, अवघड आणि कच्चं काम गर्दीसमोर आणखी कच्चं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

कमिटीनं यातून काय घ्यावं? हलगी तीच असते आणि गर्दीही तीच. सात-आठ वर्षं माती खाल्लेल्या पैलवानाला ती चढवते. त्याचं अंगच हलगीवर फुलतं, आपण सगळ्यांनी ते बघितलंय. तालमीत सहाच महिने झालेल्या पोराला तीच हलगी पाडते. फलकावर पन्नास म्हटलंय म्हणून पन्नास भरायच्या, त्यासाठी समोर दिसेल त्या पोराचा हात धरून "ये रे, तुझी आणि याची" असं जाग्यावर जोड लावायची, हे आपण करतो. वजन डोळ्यानं मोजतो, वय विचारत नाही, तालमीत येऊन किती दिवस झाले हे तर कधीच विचारत नाही. निदान एवढा तिसरा प्रश्न यंदापासून विचारा. वर्षही न झालेल्या पोरांच्या कुस्त्या सकाळी, मैदान भरण्याआधी, त्यांच्या त्यांच्यात लावा. हलगी हळूहळू अंगवळणी पडू दे.

"आमच्या वेळी हे मानसिक-बिनसिक नव्हतं," असं एका जुन्या वस्तादांनी मला तोंडावर सुनावलं. होतं की. फक्त त्याला नाव नव्हतं. आणि ते खाशाबांचं उदाहरण देतात, ते तर मला मान खाली घालून ऐकावं लागतं. खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकला गेले, सहावे आले. 1952 च्या हेलसिंकीसाठी लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एवढं ओझं घेऊन गेलेला माणूस कांस्यपदक घेऊन आला. मग आमची पोरं एका म्हशीनं कशी दबतात?

मी यावर पुष्कळ विचार केला. एक तर खाशाबा तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, एक ऑलिंपिक पचवून आलेले. आपलं पोरगं चौदाचं. दुसरं, खर्डेकरांनी घर गहाण टाकलं ते खाशाबा सहावे आल्यानंतर. हरून आलेल्या माणसावर टाकलेला विश्वास होता तो. मी माझ्या पोराला म्हशीची आठवण करून दिली ती धमकी म्हणून. आपल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे 1959 साली पहिले हिंदकेसरी झाले, त्यांच्याही पाठीवर गावानं हात ठेवला असेलच. पाठीवरचा हात आणि मानेवरचा हात यातला फरक पैलवानाला सांगावा लागू नये.

धमकीचं वजन किती असतं तेही बघा. फुटबॉलमध्ये बरोबरी सुटली नाही की पेनल्टी मारतात. नॉर्वेचे गेइर योर्डेट यांनी विश्वचषक, युरो, चॅम्पियन्स लीग अशा स्पर्धांतल्या पेनल्ट्या मांडून बघितल्या. 'हा मारला की आपण जिंकलो' अशा वेळी मारणाऱ्यांतले नव्वदहून जास्त टक्के गोल करतात. 'हा चुकला की आपण हरलो' अशा वेळी तोच आकडा साठीच्या आसपास येतो. चेंडू तोच, अंतर तेच, गोलही तेवढाच रुंद. डोक्यात कुठलं वाक्य चाललंय, एवढ्यानं एवढा फरक पडतो. आता आपण पोरांच्या डोक्यात कुठलं वाक्य घालून पाठवतो ते आठवा. "पडलास तर..." यानंच सुरुवात होते ना?

आपल्या भागात तर या वाक्याला आणखी एक शेपूट असतं. तेही लिहितो, कुणाला राग आला तरी. मराठी शाळेतला पोरगा जिल्ह्याला, विभागाला निवडला गेला की आम्ही शिक्षकच त्याला सांगतो, "सीमाभागाचं नाव राखायचं, मराठी माणूस काय असतो ते दाखवायचं." तोच पोरगा कोल्हापुरात मैदानाला गेला की माईकवर 'कर्नाटकचा मल्ल' होतो. इकडं मराठी, तिकडं कर्नाटकी. मोठ्या माणसाला यात चीड येते, पोराला नुसता गोंधळ होतो. सीमाप्रश्न 1956 पासूनचा, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडलेला. तो चौदा वर्षांच्या पोराच्या एकेरी पटानं सुटणार आहे काय? मलाही तो प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, मोर्चात मीही चाललोय. खरं मोर्चाचं ओझं मोर्चेकऱ्यांनी उचलावं.

एकदा आमच्या शाळेची एक मुलगी क्रीडाकूटात, म्हणजे शाळांच्या क्रीडास्पर्धेत, धावायला गेली होती. नावाचा पुकारा कन्नडमध्ये झाला आणि ती जाग्यावरच बसून राहिली. तिला कन्नड येत नव्हतं असं नाही. शनिवारच्या बाजारात मिरचीचा भाव ती कन्नडातच करायची. भीतीत तिला आपलं नावसुद्धा ओळखू आलं नाही. शेजारच्या शाळेच्या कन्नड शिक्षकांनी तिला हाताला धरून उठवलं, रांगेत नेलं आणि मराठीत म्हणाले, "पळ गं बाळ, काही होत नाही." ती तिसरी आली. मी त्या वेळी कुठं होतो विचारू नका; पंचांशी हुज्जत घालत होतो.

अंगात काय होतं हे पोरांना आधी सांगून ठेवलं तर अर्धी भीती जाते, हा माझा अनुभव. कुस्तीआधी तोंड कोरडं पडतं, हात गार पडतात, पोटात ढवळतं, सारखं लघवीला जावंसं वाटतं, छातीत धडधडतं. शरीर लढायला तयार होतं तेव्हा हे होतंच. रक्त मोठ्या स्नायूंकडं वळतं, म्हणून हात गार. श्वास वर वर चालतो, म्हणून चक्कर आल्यासारखं. नजर अरुंद होते, म्हणून कडेचं दिसत नाही. पोराला हे माहीत नसतं. त्याला वाटतं, आपण घाबरट आहोत, आपल्याला जमणार नाही. आणि मग आपण वर सांगतो, "घाबरू नकोस." न घाबरता येणं हातात असतं तर तो घाबरला कशाला असता? ॲलिसन वुड ब्रुक्स या हार्वर्डच्या अभ्यासक बाईंनी 2014 साली दाखवून दिलं की धडधड होत असताना 'शांत हो' असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा 'मला जोर चढलाय' असं म्हणणाऱ्यांचं काम चांगलं होतं. आपल्याकडं म्हातारे वस्ताद म्हणायचे, "अंग तापलंय, आता सोड." तेच हे. एवढं एक वाक्य बदला. आणि श्वास: नाकानं घ्यायचा, तोंडानं हळू, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडायचा, पाच-सहा वेळा. धडधड खाली येते. पुस्तकात तर आहेच, मी शाळेत शेकडो पोरांवर करून बघितलंय.

गंमत म्हणजे आपल्या कुस्तीत यावरची औषधं पूर्वापार आहेत. आखाड्यात पाय टाकण्याआधी माती कपाळाला लावायची, सलामी द्यायची, शड्डू ठोकायचा, चिमूटभर माती समोरच्याच्या अंगावर टाकायची, मग हात मिळवायचा. दर वेळी तेच, त्याच क्रमानं. जगभरचे मोठे खेळाडू खेळाआधी ठरलेल्या चार गोष्टी करतात, त्या याचसाठी: अंगाला खूण पटते की आता नेहमीचंच काम आहे. मॅटवर गेलेल्या आपल्या पोरांकडून हे सुटत चाललंय. मॅटवर माती नाही हे खरं, पण शड्डूला माती लागत नाही. प्रत्येक पोराला त्याचा स्वतःचा असा छोटा क्रम बसवून द्या. टॉवेल खांद्यावरून काढण्यापासून सुरुवात झाली तरी चालेल.

ओझं पेलण्याचा सरावही करता येतो. नेदरलँड्सचे राऊल औडेयान्स यांनी बास्केटबॉल खेळाडूंना सरावातच थोडं ताणाखाली ठेवून चेंडू टाकायला लावले. नुसता सराव केलेले खेळाडू पुढं दबावात घसरले, ताणात सराव केलेले टिकले. आपला अभिनव बिंद्रा 2004 ला अथेन्सच्या अंतिम फेरीत सातवा आला होता. 2008 ला बीजिंगमध्ये शेवटच्या गोळीला 10.8 मारून त्यानं सुवर्ण घेतलं. मधल्या चार वर्षांत त्यानं भीतीशी ओळख करून घेण्यासाठी काय काय केलं ते त्यानं स्वतः सांगितलंय. उंच खांबावर चढून वर डुगडुगणाऱ्या फळीवर उभं राहणंसुद्धा. आपल्याला खांब नको. महिन्यातून एका शनिवारी तालमीत हलगीवाल्याला बोलवा, गल्लीतली माणसं कडेला बसवा, पंच ठेवा, शिट्टी वाजू दे, आणि पोरांच्या कुस्त्या लावा. हरल्यावर हसायचं नाही, एवढाच नियम. हलगीवाल्याला द्यायचे पैसे इनामातून कापा. पहिल्या नंबरच्या इनामात पाचशे कमी झाले तर कोणी रडत नाही.

लष्कर भरतीच्या पोरांना हे जास्तच लागू आहे. खानापूरच्या जंगलकडेच्या गावांपासून निपाणीपर्यंत पहाटे पाचला रस्त्यांवर पळणारी पोरं आपण रोज बघतो. 1600 मीटर. गावच्या रस्त्यावर साडेपाच मिनिटांच्या आत येणारा पोरगा भरतीच्या मैदानावर मागं पडतो, कारण शेकडो पोरांच्या लोंढ्यात पहिली फेरी तो जिवाच्या आकांतानं पळतो आणि तिसऱ्या फेरीला त्याचे पाय शिसं होतात. एकट्यानं पळून हे कळत नाही. चार गावांची पोरं एका मैदानावर आणून महिन्यातून एकदा लोंढ्यात पळवली पाहिजेत. या पोरांवरचं ओझं मात्र खेळाचं नाही, पोटाचं आहे. वयाची अट सरत चाललेली, अग्निवीरची नोकरी चार वर्षांची, पुढं चौघांतला एक राहणार, आणि घरी बहिणीचं लग्न त्या पगारावर ठरलेलं. त्यावर माझ्याकडं श्वासाचं औषध नाही. निदान नापास झालेल्या पोराच्या दारात जाऊन "मग, आता काय करालास?" असं गल्लीनं रोज विचारू नये.

मुलींचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांचं ओझं मला आतून माहीत नाही. तुरमुरीची मालप्रभा जाधव 2018 च्या जकार्ता आशियाई खेळांत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा सगळ्यांनी फलक लावले. त्याआधी आमच्या भागातली किती मुलींची नावं घरच्यांनी मॅटवरून परत घेतली ते मी हजेरीपटावर बघितलंय. त्या मुली समोरच्या खेळाडूशी लढण्याआधी घरात लढून येतात. तेव्हा त्या हरल्या तर "बघ, आम्ही सांगितलं होतं" हे एक वाक्य गिळून टाका.

आणि कधी कधी माघार घेणं हाच शहाणपणा असतो. सिमोन बाइल्स ही जिम्नॅस्टिक्समधली जगातली सर्वांत मोठी खेळाडू. टोकियोत 2021 साली हवेत उडी घेतल्यावर आपण कुठं आहोत हेच तिला कळेनासं झालं, आणि तिनं सांघिक अंतिम फेरी अर्ध्यातून सोडली. लोकांनी घाबरट म्हटलं. ढाक मारताना आपण कुठल्या अंगावर पडणार हेच पैलवानाला कळेनासं झालं तर तुम्ही त्याला लढवाल काय? मानेचा मणका जायचा. ती थांबली, उपचार घेतले आणि 2024 ला पॅरिसमधून तीन सुवर्णं घेऊन गेली. आपल्या एखाद्या पोरानं मैदानाच्या आदल्या रात्री "उद्या नको" म्हटलं, तर दंडावर थाप मारण्याआधी खाली बसून विचारा, झोप लागते काय, जेवण जातं काय. दोन-तीन आठवडे हेच चाललं असेल तर डॉक्टरला दाखवा. गुडघ्याला दाखवतो तसंच. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, एसटीनं दोन-अडीच तास. तेवढंही जमत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, 14416, फुकट. तिथं बोलण्यात पैलवानकी कमी होत नाही.

आता मैदान कमिटीला माझी मागणी सरळ शब्दांत. सोळा वर्षांच्या आतल्या पोरांची कुस्ती चालू असताना माईकवरून गाव, घराणं, अब्रू, भाषा यातलं काहीही बोलायचं नाही. दोघांची नावं सांगायची, तालीम सांगायची, निकाल सांगायचा, बस्स. चालू कुस्तीत इनाम वाढवायचं नाही. ज्याला द्यायचंय त्यानं कुस्ती संपल्यावर दोघांनाही द्यावं. हरलेल्या पोरावर मैदानात हात उचलणाऱ्या बापाला, वस्तादाला, सराला पंचांनी हाताला धरून बाहेर काढावं. मला त्या दिवशी कोणीतरी काढायला हवं होतं. आणि हरलेल्या पोराला नारळ नाही तर निदान कुंद्याचा एक तुकडा हातावर ठेवून खाली बसवावं. जिंकलेल्याच्या मागं सगळे धावतात, हरलेला कपडे शोधत एकटा फिरत असतो, हे तुम्हीही बघितलं असेल.

त्या पोराचं, म्हणजे आता त्या बाप्याचं, एक सांगायचं राहिलं. गोव्याहून तो परत आलाय, गावात गाडा चालवतो. त्याचा थोरला तेरा वर्षांचा, दोन वर्षं तालमीत जातोय. मागच्या आठवड्यात दोघं घरी आले होते. पोराची यात्रेतल्या मैदानात जोड ठरवायचं चाललंय. निघताना बाप उंबऱ्यात थांबला आणि म्हणाला, "सर, तुम्ही या. कडेला उभं ऱ्हावा. पण काय बोलू नगा."

मी येणार आहे. आखाड्याच्या दक्षिणेला, लिंबाखाली उभा असेन, तोंड मिटून. त्या दिवशी माईक कोणाच्या हातात असणार ते कमिटीनं मला आधी कळवावं. त्याच्याशी मला चहा घ्यायचा आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
बेळगाव तालुका